दाखव्या

भिंगारच्या जुन्या बाजारात आदिनाथभाऊंचा छापखाना होता आणि त्या छापखान्यात कोंडीराम बत्तीस वर्षं खिळे जुळवत होता. खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे नव्हेत, छपाईचे. शिशाचं एकेक अक्षर लाकडी पेटीच्या खणातून उचलायचं, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावायचं, ओळ भरली की पुढची ओळ धरायची. कोंडीरामचा हात खणाकडे न बघता जायचा आणि नेमकं हवं ते अक्षर घेऊन यायचा. लग्नपत्रिका असो, दहाव्याचं पत्र असो, नाहीतर छावणीतल्या कॅन्टीनचं पावतीबुक असो, भिंगारातलं एकही नाव त्याच्या बोटांतून जायचं राहिलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात भाऊंनी कॉम्प्युटर आणला. कोपऱ्यातलं रॉकेलचं पिंप हलवून तिथं टेबल टाकलं आणि ते चालवायला सायली नावाची मुलगी ठेवली. तिचे वडील नागापूरला एका कारखान्यात फिटर होते आणि तिनं सावेडीच्या क्लासात सहा महिने शिक्षण घेतलं होतं. पोरगी हुशार, पण अंगात मिजास म्हणून नाही. पहिल्याच दिवशी तिनं कोंडीरामला "मामा" म्हणून हाक मारली आणि कोंडीरामनं तिला "ताई" म्हटलं, तेव्हापासून दोघांचं जमलं.

तरी पहिले दोन दिवस कोंडीरामला त्या यंत्राचं काही कौतुक वाटेना. सायली मराठी मजकूर समोर ठेवून बडवत बसायची आणि पडद्यावर उमटायचा तो इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. मधेच तिरक्या रेघा, मधेच महिरपी कंस. कोंडीरामनं लांबूनच बघितलं आणि मनात म्हटलं, झालं! भाऊंना कुणीतरी टोपी घातली.

"ताई, ह्यात मराठी कुटं हाय?"

"आहे मामा, आतमध्ये आहे. हा प्रोग्राम फक्त लिहिणारा. छापल्यावर पान कसं दिसेल ते याला स्वतःला दाखवता येत नाही. त्यासाठी तो दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारतो. त्याला व्ह्यूअर म्हणतात."

"मग मारा की हाक."

सायलीनं हाक मारली. आलं काय, तर एक पाटी: व्ह्यूअर सापडत नाही. तिनं तीनदा करून बघितलं, तीनदा तीच पाटी. मग बिचारीनं भाऊंच्या टेबलावरून क्लासातल्या सरांना फोन लावला, कागदावर काहीबाही उतरवून घेतलं आणि परत येऊन बसली. दाखवणारा प्रोग्राम मशीनमध्येच होता म्हणे, पण त्याचं नाव काय आणि तो कुठल्या कप्प्यात राहतो हे लिहिणाऱ्या प्रोग्रामला कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हंजी गडी घरातच हाय," कोंडीराम म्हणाला, "पर मालकाला त्याचं नाव ठावं न्हाई."

"अगदी तस्संच!" सायली हसली. तिनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि पुन्हा हाक मारली.

पडदा आधी पांढरा झाला. मग वरून एक ओळ उतरली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. काना, मात्रा, वेलांटी, रफार, सगळं जागच्या जागी. ना शाई, ना कागद, ना मशीनचा खडखडाट, आणि छापलेलं पान समोर उभं! कोंडीरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. असं तो फक्त विहारात करायचा. बत्तीस वर्षांत त्याला कळलं होतं की प्रूफ काढल्याशिवाय छपाई दिसत नाही, आणि इथं प्रूफ हवेतून आलं होतं.

"ह्याला काय म्हनलात? व्ह्यू..."

"व्ह्यूअर."

"न्हाई जमायचं. दाखव्या म्हनू आपन. पोरगी दाखवायला मदी एक मानूस लागतो ना, तसा हा."

तेव्हापासून छापखान्यात त्याचं नाव दाखव्या पडलं. आदिनाथभाऊसुद्धा गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "सायली, दाखव्याला बोलाव."

इथवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. खरं संकट भाऊंच्या चांगुलपणातून आलं. भाद्रपदात त्यांनी कोंडीरामला जवळ बसवलं आणि सांगितलं की दसऱ्यानंतर खिळ्यांचं काम बंद, शिसं मोडीत जाणार. कोंडीरामनं मान खाली घातली. त्याला ते ठाऊक होतंच.

"तोंड पाडू नकोस रे," भाऊ म्हणाले. "तुला मी सोडतोय का? आपले प्रूफ बघणारे गुरुजी गेले मुलाकडे पुण्याला. आता प्रूफं तू बघायची. बत्तीस वर्षं अक्षरांत गेली तुझी, तुझ्याइतकी नजर कुणाची आहे? पडद्यावर बघायचं, चूक सांगायची, सायली दुरुस्त करेल. खुर्चीतलं काम!"

कोंडीराम "व्हय" म्हणाला आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. आत चहा आला तरी उठला नाही.

कारण कोंडीरामला सरळ अक्षर वाचता येत नव्हतं.

ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती, एक तो आणि दुसरी त्याची बायको लंकाबाई. कोल्हारच्या शाळेत तो जेमतेम दुसरीपर्यंत गेला. तेराव्या वर्षी मामानं त्याला भिंगारला आणून या छापखान्यात चिकटवला. तिथल्या म्हाताऱ्या फोरमननं त्याला अक्षरओळख करून दिली, पण पाटीवर नव्हे, खिळ्यांवर. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि स्टिकमध्ये ते डोकं खाली, पाय वर करून बसतं. ओळ डावीकडूनच सुरू होते, पण पहिली ओळ पोटाशी आणि पुढची तिच्या पलीकडे. कोंडीराम वाचायला शिकला तो असा. त्याच्या लेखी क चं डोकं खालीच होतं. तसं जुळवलेलं पान तो घडाघडा वाचायचा आणि एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर धातूतच पकडायचा. मात्र तेच पान कागदावर उतरलं की परकं व्हायचं. मग दुसरीतल्या पोरासारखं अक्षराला अक्षर लावत बसावं लागायचं. जुळवायचा मजकूर छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे गुरुजी मोठ्यानं वाचून द्यायचे आणि कोंडीराम ऐकून जुळवायचा. कागदाचं प्रूफही गुरुजीच बघायचे आणि समासात खुणा करायचे. कोंडीराम नुसत्या ओळी मोजून खिळा बदलायचा. त्यामुळे कधी उघडं पडायची वेळच आली नाही.

घरी पेपर वाचायला त्यानं एक युक्ती काढली होती. दाढीचा लहान आरसा पेपरातल्या ओळीच्या वरच्या अंगाला उभा धरायचा. आरशात ती ओळ स्टिकमधल्यासारखी डोक्यावर उभी दिसायची आणि मग कोंडीराम ती सुखानं वाचायचा. हे दार लावून चालायचं. विहारात त्रिशरण-पंचशील म्हणताना तो पुस्तक समोर धरायचा, पानंही वेळेवर उलटायचा, पण म्हणायचा सगळं पाठ. ज्या समाजानं शिकायचं म्हणून पोटाला चिमटे घेतले, त्यातला आपण छापखान्यातला माणूस, आणि आपल्याला वाचता येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"सांगून टाका भाऊस्नी," लंकाबाई म्हणाली. "देवमानूस हाय त्यो."

"काय सांगू? बत्तीस वर्सं तुमच्याकडं हाय आन वाचता येत न्हाई? हसंल की सारं भिंगार."

"हसू द्या. चोरी का केलीय तुमी?"

कोंडीरामनं आरसा पुसून खिशात ठेवला.

पहिलंच काम आलं ते नेमकं त्याच्या गावचं. कोल्हारच्या त्यांच्या वस्तीत सत्तावन्न साली धम्मदीक्षा झाली होती, त्याला चाळीस वर्षं होत होती. दसऱ्याला स्मरणिका निघायची होती आणि तिच्यात त्या दिवशी दीक्षा घेतलेल्या एकशे अकरा माणसांची यादी. मूळ यादी एका जुन्या वहीत शाईनं लिहिलेली होती. कडा कुरतडलेली ती वही विहारातल्या लोकांनी फडक्यात गुंडाळून आणून दिली होती.

ती यादी लिहिली गेली तेव्हा कोंडीराम पाच वर्षांचा होता आणि आईचा पदर धरून रांगेत उभा होता. आईचं नाव चांगुणा. गावात तिला कुणी चांगुणा सुद्धा म्हणत नसे. "ए चांगे, अंगण झाड." "चांगे, शेण उचल." रांग पुढं सरकली, लिहिणाऱ्यानं नाव विचारलं, आईनं सांगितलं, त्यानं लिहिलं. मग आईनं विचारलं, "काय लिवलं?" तो म्हणाला, "चांगुणा." आई जागची हलली नाही. मागची माणसं कुजबुजायला लागली तरी हलली नाही. म्हणाली, "चांगुणाबाई लिवा. आजपासून बाई लिवायचं." लिहिणाऱ्यानं वर बघितलं, हसला नाही, आणि ओळीत जागा नव्हती म्हणून खालच्या बाजूला बाई लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं पोराला पुढं ओढून विचारलं, "लिवलं का रं?" पोराला तरी कुठं येत होतं? पण तो म्हणाला होता, "व्हय आये, लिवलं."

आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते नाव खरंच लिहिलं गेलं का, हे कोंडीरामनं कधीच डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

"उद्या दुपारी टेम्पो नागापूरला जातोय," भाऊंनी बजावलं. "छपाईची प्लेट तिथं बनणार. त्याच्या आत नावांची यादी तपासून पाहिजे. कोंडीराम, ही तुझ्या माणसांची नावं आहेत. एकही चुकता कामा नये."

कोंडीराम पडद्यासमोर बसला. सायलीनं दाखव्याला हाक मारली, पान उतरलं आणि कोंडीरामच्या कपाळावर घाम उतरला. तो पहिल्या नावावर बोट ठेवून बसला. स... सो... पाच मिनिटांत दोन नावं. सायलीला वाटलं, मामांचे डोळे गेले. तिनं मायेनं अक्षर मोठं केलं. तरी होईना म्हणून आणखी मोठं केलं. शेवटी पडद्यावर तीनच नावं मावायला लागली, एकेक अक्षर भाकरीएवढं, आणि कोंडीराम अजून तिथंच.

"मामा, चष्मा आणू का भाऊंचा?"

"नगं ताई. उद्या बगतो. आज डोकं धरलंय."

दुसऱ्या दिवशी तो आला तो ठरवूनच. खिशात आरसा होता, पण तो काही काढायचा नव्हता. भाऊंना सांगायचं, "मला सुट्टी द्या," आणि कोल्हारला जाऊन मिळेल ते काम करायचं. त्यानं आपल्या खिळ्यांच्या पेटीवरून एकदा हात फिरवला, स्टिक पुसून जागेवर ठेवली आणि भाऊंच्या टेबलाकडे निघाला. वाटेत सायलीचं टेबल लागायचं.

सायली रडकुंडीला आली होती. प्लेटवाल्याला ट्रेसिंगच्या कागदावर आरशात दिसतं तसं उलटं पान लागतं, म्हणून तिनं सकाळीच मजकूर उलटा करून ठेवला होता. पण मग तिला यादी स्वतःला तपासायची होती आणि वाचताच येईना. सरळ विचार केला पोरीनं, की उलटलेलं आणखी एकदा उलटवलं की सुलटं होतं. दाखव्याच्या मेनूत "पान उलटं" असा एक पर्याय दिसला, तो तिनं दाबला. पान सुलटं व्हायचं सोडून डोक्यावर उभं राहिलं! आता आधीचं कसं आणायचं हे काही सुचेना.

"मामा, बघा ना काय करून ठेवलं मी," ती म्हणाली.

कोंडीरामनं जाता जाता पडद्याकडे बघितलं. बघितलं आणि थांबला.

"काय झालं मग? चांगलं तर दिसतंय," तो म्हणाला. आणि मग उभ्या उभ्याच, बोट न लावता, वाचायला लागला. "सोनाबाई रखमाजी. तुळशीराम सटवाजी. दगडाबाई तुळशीराम. ताई, ह्ये दगडाबाईचं द सुटलंय बगा, गडाबाई झालंय. आक्काबाई भिवाजी. काशिनाथ आक्काबाई... न्हाई न्हाई, हितं बापाचं नाव पायजे, ह्ये मागचंच परत आलंय. वहीत बगा."

सायलीनं वही उघडली. काशिनाथ भिवाजी. बरोबर होतं.

ती पडद्याकडे बघायची, मामांकडे बघायची. मान वाकडी करून तिनं एक शब्द लावायचा प्रयत्न केला, तो लागेना. तोवर कोंडीराम पाचव्या ओळीवरून बाराव्या ओळीवर पोचला होता. खालून वर, भरभर, एकाही अक्षराला न अडखळता.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला हे वाचता येतंय?"

"म्हंजे?" कोंडीरामनं तिच्याकडे बघितलं. "सरळ तर हाय."

"सरळ नाहीये मामा. आरशातलं आहे. आणि वर ते उलटं टांगलंय."

आवाज ऐकून भाऊ उठून आले होते, तेही मागं उभे होते. आता लपवायला काही उरलं नव्हतं. कोंडीरामनं खिशातला आरसा काढून टेबलावर ठेवला.

"भाऊ," तो म्हणाला, "मला तुमच्यासारकं वाचता येत न्हाई. मला खिळ्यासारकंच येतं. बत्तीस वर्सं सांगितलं न्हाई. आज सांगतो."

आदिनाथभाऊ पडद्याजवळ गेले, कमरेत वाकले, मान इतकी वळवली की त्यांची टोपी खाली पडली, आणि कसंबसं एक नाव लावलं. मग सरळ होऊन त्यांनी कोंडीरामकडे बघितलं. वडिलांच्या काळापासून ज्याला बघत आलो, त्याला आज पहिल्यांदा बघितलं, असं ते नंतर कितीतरी जणांना सांगायचे.

"अरे," ते म्हणाले, "आम्हाला जे ओळखूसुद्धा येत नाही ते तू वाचतोस, आणि वाचता येत नाही म्हणतोस?" त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "बस. खुर्चीत बस. आणि मोठ्यानं वाच. मला ऐकायचंय."

कोंडीराम बसला. पुढची पंचवीस मिनिटं छापखान्यात दुसरा आवाज नव्हता. सायली हातात वही धरून एकेक नाव ताडून बघत होती आणि भाऊ टोपी उचलायचं विसरून उभे होते. कोंडीरामनं सात चुका काढल्या. नावामागून नाव येत होतं. ही सगळी माणसं त्यानं लहानपणी उन्हात उभी बघितली होती. आज ती त्याच्या तोंडून पुन्हा रांगेत येत होती. त्याचा आवाज वाढत गेला.

एक्याण्णवाव्या नावावर तो थांबला.

"चांगुणा," त्यानं वाचलं. "ताई, वहीत बगा. हितं बाई ऱ्हायली."

सायलीनं पान धरलं. "नाही मामा, वहीतही चांगुणाच... थांबा." तिनं वही खिडकीकडे नेली. कुरतडलेल्या कडेजवळ, ओळीच्या खालच्या अंगाला, फिकट शाईत दोन अक्षरं होती. "बाई! आहे, मामा, आहे. खाली लिहिलंय. मला वाटलं डाग आहे."

"लिवलंय?"

"लिहिलंय."

कोंडीरामनं डोळे पुसले. चाळीस वर्षांपूर्वी आईला दिलेला जबाब खोटा नव्हता. त्याला हुंदका आला आणि त्यानं तो दाबला नाही.

"घाला," तो म्हणाला.

सायलीनं इंग्रजीच्या त्या काल्यात चार-पाच अक्षरं बडवली. पडद्यावरचं पान मात्र होतं तसंच राहिलं, चांगुणा.

"आलं न्हाई," कोंडीराम घाबरून म्हणाला.

"येईल मामा. हे मघाचंच पान आहे. लिहिणाऱ्यानं बदललं, पण दाखव्याला कुठं माहीत आहे? त्याला पुन्हा हाक मारावी लागते."

"मग मारा."

तिनं हाक मारली. पडदा पांढरा झाला. पान पुन्हा उतरू लागलं, होतं तसंच, डोक्यावर उभं. भाऊ आणि सायली माना वाकड्या करून बघत राहिले. एकटा कोंडीराम ताठ बसून होता. त्याच्या डोळ्यांसमोर एकेक नाव येत गेलं आणि एक्याण्णवाव्या ओळीत ते आलं, पुरं, काना-वेलांटीसकट. त्यानं ते ओठांतल्या ओठांत वाचलं.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. सायलीनं धीर करून विचारलं, "मामा, आता पान सरळ करू?"

"तुमच्यासाटी करा, ताई," कोंडीराम म्हणाला. "माजं वाचून झालं."